पहिला नारळ आणि डॉलरचा भाव

रुपयाचा मान हा देशाचा मान असतो, आणि तो वाढला की प्रत्येक नागरिकाला आनंद झाला पाहिजे. मला तो होत असे. सकाळच्या चहाबरोबर मी आधी डॉलरचा भाव बघायचो, आणि रुपया पाच-दहा पैशांनी जरी सावरलेला दिसला तरी त्या दिवशी माझं शिकवणं चांगलं व्हायचं. कुडाळच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवत होतो, त्यामुळे स्टाफरूममध्ये या सवयीला कोणी नाव ठेवलं नाही. उलट एका पंधरा ऑगस्टला प्राचार्यांनी मला चलन आणि राष्ट्राभिमान या विषयावर बोलायला उभं केलं. मी बोललो. टाळ्याही पडल्या. रुपया वधारला की माझ्या चुलतभावाची कमाई घटते, हा मुद्दा भाषणात घेण्यासारखा नव्हता.

चुलतभाऊ माझ्याहून चार महिन्यांनी मोठा. म्हणजे तिथेही पुढे. तो परदेशी मालवाहू जहाजांवर बोसन आहे, डेकवरच्या खलाशांचा मुकादम. पगार डॉलरमध्ये. वालावलच्या पलीकडे खाडीकाठी आमचं गाव, आणि एकाच खळ्यात समोरासमोर आमची दोन घरं. खळं म्हणजे सारवलेलं अंगण. त्याच्या बाजूच्या अर्ध्या खळ्याला आता लाद्या आहेत आणि माझ्या बाजूला अजून शेण आहे, त्यामुळे आमची हद्द सांगायला तलाठी लागत नाही.

शाळेत गणिताच्या तासाला तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि माझ्या खांद्यावरून उत्तरं उतरवायचा. आता त्याचं गणित विनिमयाचा दर करतो. तो कुठल्या तरी महासागरात गंज खरवडत असतो, इकडे रुपया घसरतो, आणि कोणाकडे अर्ज न करता त्याला पगारवाढ मिळते. मला वेतनश्रेणीसाठी तीन उजळणी वर्ग करावे लागले. त्यातल्या एकात शिकवणारा माझा विद्यार्थी होता. चुलतभावाने एकदा सुट्टीवर येताना माझ्यासाठी जपानी कॅल्क्युलेटर आणला होता. चांगला टिकाऊ निघाला. त्याचा पगार रुपयांत किती झाला हे मी त्यावरच काढायचो.

वर्गात मी हे सगळं फळ्यावर बाण काढून शिकवत असे. अमेरिकेतल्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवला की जगातला पैसा चांगल्या व्याजाच्या आशेने डॉलरकडे धावतो. रुपयासारखी चलनं विकली जातात, रुपया पडतो. तेल डॉलर देऊन घ्यायचं, म्हणून डिझेल महागतं. ट्रॉलर आणि ट्रक डिझेलवर चालतात, म्हणून मालवणच्या बाजारात सुरमई महागते. मग महागाई आवरायला आपली बँकही व्याजदर वाढवते आणि घराच्या कर्जाचा हप्ता चढतो. शेवटच्या बाणाच्या टोकाशी मी ‘सामान्य माणूस’ असं लिहून त्याभोवती चौकोन काढायचो. त्या चौकोनात मी बसलेलो होतो. आणखी एक बाण असायला हवा होता, तो सरळ माझ्या समोरच्या घरात जाणारा. पण फळ्यावर जागा उरत नसे.

ही गोष्ट नुसती पुस्तकातली नव्हती, हे मला आमच्या सुताराने समजावलं. पडवीच्या दाराला वाळवी लागली म्हणून मी त्याला बोलावलं होतं. त्याने दार ठोकून पाहिलं आणि आकडा सांगितला.

“इतके? गेल्या वर्सा ह्याच्या निम्मे घेतले होतंस.”

“गेल्या वर्सा समोरचा काम नाय होता, मास्तरांनू.”

“समोरचा काम तेचा. ह्या दार माझा.”

“तेंका एक रेट आणि तुमका एक, असा कसा करू? देव वरसून बघता.”

देव वरून बघत असल्याने मला बोटीवाल्याचा दर लागू झाला. मग माडावर चढणाऱ्याने तोच दर धरला. सत्यनारायणाच्या पूजेला येणाऱ्या भटजींनी दक्षिणेचं नाव काढलं नाही, पण समोरच्या घरी काय मिळालं ते बोलता बोलता सांगितलं. गावात डॉलर येतात ते एका दारातून, आणि भाव मात्र सगळ्या दारांना वाढतात. त्याच्याकडे डॉलर आले आणि माझ्याकडे महागाई आली. वर हे सगळं मला शास्त्रशुद्ध कळत होतं, म्हणजे न कळण्याचं सुखही नव्हतं.

तरी दार आणि माड यांचं मी सोसलं असतं. मला खरा सलायचा तो देवळातला नारळ.

आमच्या देवळात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पावणी होते. देवापुढे आलेली केळी, भोपळे, नारळ यांचा लिलाव म्हणजे पावणी. त्यातला पहिला नारळ मानाचा. तो जो घेतो त्याच्या घरासाठी गावकर, म्हणजे देवळातला मुख्य मानकरी, वेगळं गाऱ्हाणं घालतो आणि सगळा गाव त्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतो. माझे वडील होते तोवर पहिला नारळ आमच्या घरी यायचा. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि नारळ शिक्षकाच्या पगारात बसत होता. ते गेल्यानंतर मी एक वर्ष तो घेतला. पुढच्या वर्षी चुलतभाऊ जत्रेला घरी होता. त्याने सहज हात वर केला, आणि तेव्हापासून नारळ खळं ओलांडून गेला तो गेलाच.

गावकर त्याच्यासाठी मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घालायचे. “बा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू दर्यार आसा. तेची वाट सांभाळ. तेच्या कमाईक बरकत दी. आज आसा ता उद्या दुप्पट कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मीही म्हणायचो. न म्हणणारा माणूस देवळात लगेच दिसतो. बोसनाचा पगार डॉलरमध्ये बांधलेला. तो रुपयांत दुप्पट व्हायचा तर सोपा रस्ता एकच, रुपयाने निम्म्यावर यायचं. म्हणजे दरवर्षी मी देवासमोर हात जोडून रुपया पडू दे अशी प्रार्थना करत होतो, आणि ती थोडी थोडी फळाला येत होती.

त्याच संध्याकाळी वहिनी, म्हणजे चुलतभावाची बायको, नारळ फोडून त्याची एक कवड आमच्याकडे पाठवायच्या. मानाच्या नारळाचा अर्धा भाग समोरच्या भाऊबंदांना द्यायचा, अशी रीत आहे. माझी बायको ती कवड खवून आमटीच्या वाटपात घालायची आणि म्हणायची, “बरो निघालो हा नारळ.” मी आमटी भातावर ओतून घ्यायचो. आमटी टाकण्याइतका माझा मत्सर करारी नव्हता.

एक गोष्ट मला उशिरा सुचली. पावणीत बोललेली रक्कम लगेच द्यावी लागत नाही, पुढच्या जत्रेपर्यंत भरली तरी चालते. देव व्याज लावत नाही. वर्षभराची बिनव्याजी मुदत देणारी दुसरी मध्यवर्ती संस्था माझ्या माहितीत नाही. चुलतभाऊ आज रुपयांत बोलायचा आणि वर्षाने भरायचा. वर्षभरात रुपया थोडा तरी घसरायचाच. म्हणजे डॉलरच्या हिशोबात त्याला नारळ बोलल्याहून स्वस्त पडत होता. देवसुद्धा त्याला सूट देत होता. मोठमोठ्या कंपन्या ज्या व्यवहारासाठी पगारी तज्ज्ञ ठेवतात, तो हा माणूस गणितात नापास होऊन करत होता, आणि करतोय हे त्याला माहीतही नव्हतं. मी हे बायकोला समजावून सांगितलं.

“तेंच्या पगाराचो करतास तितको हिशोब आपल्या दुधवाल्याचो केलो असतास तर!” ती म्हणाली.

यंदा मी निवृत्त झालो. निरोपसमारंभात माझ्या राष्ट्राभिमानाचा उल्लेख झाला. शाल, श्रीफळ मिळालं. ते श्रीफळ हातात घेतल्यावर माझं ठरलं, की यंदाच्या जत्रेत पहिला नारळ मी घेणार. निवृत्तीची रक्कम आली होती, आणि पुढच्या वर्षी माझ्याकडे ना ती हाताशी असणार होती ना बोलण्याचा जोर. यंदा सुटला तर तो त्या घरात कायमचा राहिला असता. बायकोला सांगितलं तेव्हा ती विळीवरून न उठता म्हणाली, “नारळ होयो तर मागल्यादारी बघा. खंडीभर पडले हत.”

मी तयारीला लागलो. माझी तयारी म्हणजे अमेरिकेतल्या बँकेवर नजर ठेवणं. जत्रेआधी तिथे व्याजदर उतरणार अशी चिन्हं होती. तो उतरला की डॉलर नरमणार, रुपया सावरणार, समोरच्या घराचा हात आखडणार, आणि नेमका त्या वेळी मी पावणीत उभा राहणार. व्याजदर खरोखर उतरला. मी सकाळी चहा ठेवून फोन उघडला, तर रुपया खाली गेलेला. परदेशी गुंतवणूकदार शेअर विकून पैसे घेऊन गेले, आपण सोनं फार आणलं, कोणी तरी आयातीवर कर लावला, अशी कारणं दुपारपर्यंत आली. पुस्तकात बाण एका वेळी एकच सुटतो. बाहेर सगळे एकदम सुटतात, आणि माझ्या अनुभवात ते शेवटी समोरच्याच घरात जाऊन पडतात.

त्याच आठवड्यात पेन्शनच्या कागदांसाठी मी एसटीने ओरोसला निघालो होतो. कुडाळच्या स्टँडवर वहिनी चढल्या आणि शेजारी जागा होती म्हणून बसल्या. त्यांनाही कुठलासा दाखला आणायचा होता. बस सुटली न सुटली तोच त्यांनी विचारलं, “भावजी, भत्तो वाढलो म्हणे तुमचो?”

“खंयचो भत्तो?”

“महागाईचो. टीव्हीर सांगलानी. पेन्शनवाल्यांका पण लागता मा तो?”

“लागता.”

“बघा. आमच्या ह्यांका कोण देता? घराकडे इले काय पगार बंद. औंदा चार म्हयने बसान होते, एक डॉलर नाय इलो.”

“पण डॉलर केदो वाढलो, वहिनी.”

“वाढांदे मा. शून्याक कितीन गुणल्यात तरी काय येता, तुमी मास्तर, तुमीच सांगा.”

त्यांचं संपलं नव्हतं.

“आणि डॉलर वाढलो काय पयलो सुतार आमच्या दारात. मगे गवंडी, मगे भटजी. सगळे पेपर वाचतत, भावजी. तुमचा कसा, भाव वाढले काय सरकार मागसून भत्तो धाडता. आमी दोघा तुमच्या घराकडे बघतो आणि म्हणतो, मास्तरांचा बरा आसा.”

तिकडच्या बँकेची बैठक कधी असते हे मला जसं पाठ, तसं सरकार भत्ता कधी जाहीर करतं हे त्यांना पाठ होतं. कोणी माझा हेवा करतं, ही बातमी मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती, आणि ओरोस येईपर्यंत मी ती अगदी चवीने खाल्ली. मग उतरताना मनात आलं, की हेव्यातही ती दोघं माझ्या पुढे आहेत. त्यांनी तो भर बसमध्ये बोलून टाकला. मला त्याच कामासाठी राष्ट्राभिमान लागत होता.

निश्चय मात्र ढळला नाही. ज्याला आपला हेवा वाटतो त्याच्याकडून नारळ घेण्यात अधिकच गोडी असते.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या मांडवात मी खांबाला टेकून बसलो. चुलतभाऊ जहाजावर होता. वहिनी बायकांच्या बाजूला पुढे बसल्या होत्या, हातात त्याला लावलेला फोन, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केलेला. केळ्यांचे घड गेले, दोन भोपळे गेले. मग पावणी पुकारणाऱ्या म्हाताऱ्याने पहिला नारळ डोक्यावर धरला.

“मानाचो नारळ! बोला!”

“एक हजार एक,” मी म्हणालो.

मांडव वळून बघायला लागला. “मास्तर बोलले रे!” कोणी तरी मागून म्हणालं. “दिवस खंय उगवलो हा तो बघा जरा!”

वहिनींनी फोन तोंडाशी नेला. “भावजी बोललेत. एक हजार.”

मधे उपग्रह होता, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागायचा. तेवढा वेळ सगळा गाव त्या फोनकडे बघत राहिला. तिकडच्या बँकेची बैठक सुटायची वाट बघत आमचा रुपया असाच ताटकळतो.

“पाच बोल,” फोन म्हणाला.

“पाच हजार एक,” वहिनी म्हणाल्या.

मी सात म्हणालो. फोनने विचार करून अकरा सांगितले. मी बारा म्हणालो. मनाशी मी पंधराची हद्द घातली होती, आणि ती घालताना मी शांत होतो. आता फोनने पंधरा म्हटलं तेव्हा त्या हद्दीवर त्याने लाद्या बसवल्यासारखं मला वाटलं.

“सतरा!”

“ओ, बसा खाली,” बायकांतून माझ्या बायकोचा आवाज आला.

“वीस बोल,” फोन म्हणाला.

“एकवीस हजार एक,” मी म्हणालो. बाजारात नारळ चाळीस रुपयांना मिळत होता. आमच्या मागच्या दारी तर नुसता वाकून घ्यायचा होता.

“एक वार!” म्हातारा ओरडला. वहिनींनी फोनमध्ये आकडा सांगितला. “दोन वार!” मग कुठल्या तरी समुद्रातून माझ्या चुलतभावाचा आवाज आला, स्वच्छ आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“कोण, तोच बोलता हा अजून?”

“होय, भावजीच.”

उपग्रहाने पुन्हा आपला वेळ घेतला.

“मगे सोड गो. घेवंदे तेका. रिटायर झालो हा तो. आणि तेका महागाई भत्तो आसा. माझा काय, म्हयन्यान कॉन्ट्रॅक्ट संपता हा.”

मांडव हसला. पुकारणारा म्हाताराही हसला, आणि हसतच म्हणाला, “तीन वार!” नारळ माझ्या ओंजळीत आला. जे जिंकण्यासाठी मी इतकी तयारी केली होती, ते त्याने फोनवरून देऊन टाकलं. रुपया वधारला असता तर निदान त्याचा निरुपाय तरी झाला असता.

गावकर गाऱ्हाण्यासाठी पुढे आले आणि अडले. दर्यावरच्या लेकराचं गाऱ्हाणं त्यांना पाठ होतं. “मास्तरांनू, तुमच्यासाठी काय मागू? नोकरी संपली. दर्यार कोण नाय.”

“भत्तो मागा!” मागून सुतार ओरडला.

गावकरांना ते पटलं. त्यांनी हात जोडले. “बा म्हाराजा, ह्या लेकरान आज तुझो मान घेतलो हा. तेच्या पेन्शनीक बरकत दी. तेचो महागाई भत्तो वाढांदे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

महागाई भत्ता महागाई वाढल्याशिवाय वाढत नाही. हे मी किती तरी तुकड्यांना शिकवलं, आणि त्यातले बरेच जण त्या मांडवात बसले होते. कोणाचा स्वर अडखळला नाही. वहिनींचा आवाज सर्वांत मोठा होता, आणि सगळे थांबल्यावर त्यांच्या हातातल्या फोननेही मागाहून एकट्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं.

संध्याकाळी बायकोने नारळ फोडला. चांगला निघाला, खोबरं जाड होतं. एक कवड तिने आमटीच्या वाटपाला ठेवली आणि दुसरी रीतीप्रमाणे समोरच्या घरी पोचवून आली. दरवर्षी ती तिकडून इकडे यायची, फुकट.